राजीखुशीने

एरंडोलला दुय्यम निबंधकाच्या दाराबाहेर
चिंचेच्या बुंध्याला साखळीनं बांधलेलं टेबल,
ते माझं.
टाइपरायटर गेला, लॅपटॉप आला, साखळी तीच.
मी वकील नाही. दस्तलेखक.
लोक सांगतात, मी बोटं चालवतो.

अखाजी होऊन आठवडा झाला की
आमचा हंगाम सुरू होतो.
माहेरी आलेल्या लेकी अजून परतलेल्या नसतात,
झोक्याचे दोर अजून फांदीवर,
आणि भावांना आठवतं
की बापाच्या सातबाऱ्यावर नावं फार झाली.

सुपडाबाई रिक्षातून उतरली.
नवं लुगडं, घडीची रेघ तशीच.
कौतिक आणि सुकलाल, दोघं भाऊ दोन्ही अंगांना,
दवाखान्यात नेतात तसे.
"हक्कसोड करनं शे," कौतिक म्हणाला,
"बहीण तयार शे. तुम्ही नेहमीसारखं लिहा."

नेहमीसारखं म्हणजे:
नशापाणी न करता, कोणाच्या दडपणाखाली न येता,
अक्कलहुशारीने, राजीखुशीने.
एवढी ओळ माझ्याकडे तयारच असते.
नाव बदलायचं, गट नंबर बदलायचा.

"सही कथा करू, दादा?"
बाईनं पेन उलटं धरलं होतं.

भावांना मी चलन काढायला पाठवलं
आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं.

माय, ऐक.
आई आधीच गेली, बाप मृत्युपत्र न करता गेला,
म्हणजे त्या साडेचार एकरांत
कौतिकचा जेवढा, सुकलालचा जेवढा, तेवढाच तुझा.
लग्नात घातलेल्या पाटल्या त्या हिशेबात धरत नाहीत.
नाव लागलं म्हणून उद्या तुला औत हाकावं लागत नाही,
आणि दिवाळीचं लुगडं घेतलंस म्हणून नाव पुसलंही जात नाही.
तोंडानं "सोडलं" म्हणालीस तर ते वाऱ्यावर.
पण आत, कॅमेऱ्यासमोर, अंगठा टेकलास
की परत मागायला कोर्टाच्या पायऱ्या,
आणि त्या उंच असतात.
आतला साहेब विचारेल, "मान्य आहे का?"
विचारताना तो खाली कागदात बघत असतो.
तरी तो प्रश्न आहे, माय.
त्याला "नाही" हेही उत्तर असतं.
द्यायचं तर दे. खुशाल दे, भाऊच आहेत.
पण किती देतेस ते मोजून दे.
वकील लागला तर कोर्टात विधी सेवा समिती आहे,
बाईमाणसाकडून पैसा घेत नाहीत.
आणि कोऱ्या कागदावर कधीच नाही. कोणालाच नाही.
मला पण नाही.

तिनं सगळं ऐकलं.
पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली.
"आनि नही दिनं,
ते पुढली अखाजीले
माले लेवाले कोन येई?"

हे कलम मला माहीत नव्हतं.
कर्सर लुकलुकत राहिला
राजीखुशीनेच्या पुढे.

भाऊ चलन घेऊन आले.
बाईनं पेन माझ्या डबीत ठेवलं.
"आज नही," म्हणाली. "घर जाईसन बोलसूत."
सुकलालनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी पुढच्या गिऱ्हाइकाचा आधार क्रमांक
मोठ्यानं वाचायला लागलो.

पुढे काय झालं, ठाऊक नाही.
आले असतील एखाद्या दिवशी, मी नसताना,
पलीकडच्या टेबलावर.
तो लेखक चांगला आहे. भरभर लिहितो, बोलत नाही.

माझी बहीण मथुरा दर अखाजीला येते.
सांजोऱ्या करते, चार दिवस राहते.
तिचं हक्कसोड मीच टाइप केलं होतं,
सत्त्याण्णव साली, कार्बन लावून, तीन प्रती.
तिनं विचारलं होतं, "काय लिहिलंय रे?"
मी म्हणालो होतो, "नेहमीचंच."

परवा ट्रंकेतून तो कागद काढून पाहिला.
एकही खाडाखोड नाही.